अणुविजेचं बिल उशिरा येतं

ठाण्याच्या शाळेत आम्ही जिल्ह्याचा भूगोल शिकायचो तेव्हा एक प्रश्न कोणीच चुकवायचं नाही. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र कुठे आहे? आपल्या ठाणे जिल्ह्यात, तारापूरला. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा जिल्हा झाला आणि तारापूर तिकडे गेलं, पण तो अभिमान माझ्या मनात अजून आहे. वाशीचा खाडीपूल ओलांडताना मी आजही डावीकडच्या खिडकीतून ट्रॉम्बेच्या डोंगराकडे बघतो. त्याच्या पायथ्याशी ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली ती पहिली अणुभट्टी. स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा!

हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते अणुविज्ञानाच्या विरोधात नाही. माझ्या बहिणीचे किरणोपचार खारघरला झाले, ती आज ठणठणीत आहे. ट्रॉम्बेच्या संशोधन भट्टीत तयार झालेली औषधी समस्थानिकं वाशीतून देशभरच्या रुग्णालयांत जातात. त्याबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे: वीज बनवण्यासाठी नव्या, मोठ्या अणुभट्ट्या उभारणं. आणि तो आक्षेप भीतीपोटी नाही, हिशोबापोटी आहे. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची बारा प्रकल्पकर्जांच्या विभागात. फाइल उघडली की पहिलं काम म्हणजे खर्च कधी होणार, पैसे कधी येणार आणि प्रकल्प बुडाला तर कोणाच्या खिशातून जाणार, हे शोधायचं. अणुविजेच्या फाइलमध्ये या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला पटत नाहीत.

निमित्त झालं भाचीचं. ती ऐरोलीला इंजिनिअरिंग शिकते. २०४७पर्यंत देशात १ लाख मेगावॉट अणुवीज करायचं, अशी घोषणा २०२५च्या अर्थसंकल्पात झाली. तेव्हा तिने विचारलं, "मामा, कोळशाने हवा बिघडते, सूर्य रात्री नसतो. मग अणू का नको? तू तर तारापूरचं एवढं कौतुक करतोस." प्रश्न रास्त होता. तिला मी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी अणुवीज बनते कशी ते बघू, कारण पुढचा सगळा वाद तिथूनच निघतो. अणुभट्टी शेवटी पाणी उकळण्याचं काम करते. युरेनियमच्या अणूचं केंद्रक न्यूट्रॉन आदळल्यावर फुटतं, त्यातून उष्णता आणि आणखी न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते पुढची केंद्रकं फोडतात. ही साखळी ताब्यात ठेवायची, उष्णतेने पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं. वाफेपासून पुढचं सगळं डहाणूच्या किंवा एकलहऱ्याच्या कोळशाच्या केंद्रासारखंच. फरक दोन. इथे धूर निघत नाही. आणि इथे फुटलेल्या केंद्रकांचे तुकडे मागे उरतात, जे स्वतः किरणोत्सारी असतात.

धूर निघत नाही, ही खरोखर मोठी गोष्ट आहे आणि ती लपवून युक्तिवाद करणं मला प्रामाणिक वाटत नाही. खाणीपासून मोडणीपर्यंत सगळं धरून एका युनिट विजेमागे किती कार्बन जातो, याचे अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक मंडळाने २०१४मध्ये दिले. कोळशाचा मध्य आकडा ८२० ग्रॅम, अणूचा १२. कोळशाच्या धुराने दरवर्षी जितकी माणसं जातात तितकी अणुकेंद्रांनी सगळ्या अपघातांसकट गेलेली नाहीत. 'भट्टी बॉम्बसारखी फुटेल' हेही चूक. वीज केंद्रातल्या इंधनात फुटणाऱ्या युरेनियमचं प्रमाण बॉम्बइतकं नसतंच. एवढं सगळं मान्य करूनही हिशोब जुळत नाही, तो असा.

नौपाड्यात राहणाऱ्याला हा मुद्दा समजावणं सोपं आहे, कारण आमच्याकडे दर दुसऱ्या गल्लीत पुनर्विकास चालू आहे. आमच्या इमारतीचा करार झाला तेव्हा बिल्डरने तीन वर्षांत चाव्या देतो म्हणून सांगितलं होतं. आठ वर्षं लागली. ती पाच जादा वर्षं फुकट गेली नाहीत, ती कोणाच्या तरी खात्यावर चढली. बिल्डरच्या कर्जावर व्याज चढत राहिलं. सिमेंट-लोखंडाचे भाव वाढले. मधली दोन वर्षं भाडं थकलं आणि आमच्या मजल्यावरच्या एका आजींना तीनदा घर बदलावं लागलं. इमारत तीच, फ्लॅट तेच, पण किंमत वेगळी.

अणुभट्टीचं अर्थकारण नेमकं असं आहे. कोळशाच्या किंवा गॅसच्या केंद्रात मोठा खर्च इंधनाचा, तो वीज विकता विकता होतो. अणुकेंद्रात इंधन त्या मानाने स्वस्त, बांधकाम मात्र अफाट महाग. म्हणजे जवळजवळ सगळा पैसा पहिलं युनिट विकण्याआधी ओतायचा. अशा धंद्यात उशीर हाच सगळ्यात मोठा खर्च.

कागदावर मांडून बघा. १,००० कोटींचा प्रकल्प आहे, व्याज द. सा. द. शे. १० टक्के चक्रवाढ, दरवर्षाच्या सुरुवातीला सारखी रक्कम खर्च होते. पाच वर्षांत काम संपलं तर वीज सुरू होण्याच्या दिवशी डोक्यावर सुमारे १,३४० कोटी असतात. दहा वर्षं लागली तर १,७५० कोटी. पंधरा लागली तर २,३३० कोटी. यात महागाई धरलेलीच नाही, निव्वळ व्याज. विजेचा दर या शेवटच्या आकड्यावर ठरतो, पायाभरणीच्या भाषणातल्या आकड्यावर नाही.

आणि उशीर हा या धंद्यात अपवाद नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरच्या नियोजित केंद्रासाठी ठरलेली भट्टी फ्रेंच बनावटीची, ईपीआर नावाची. तिचं पहिलं काम फिनलंडमध्ये ओल्किलुओटो इथे २००५मध्ये सुरू झालं. २००९मध्ये वीज मिळणार होती, नियमित उत्पादन सुरू झालं एप्रिल २०२३मध्ये. खर्च ३ अब्ज युरोंवरून सुमारे ११ अब्जांवर गेला. दुसरी फ्रान्समध्येच, फ्लामानव्हिलला. काम २००७मध्ये सुरू, २०१२ची मुदत, ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४मध्ये, आणि ३.३ अब्जांचे १३ अब्ज युरो झाले. ज्या देशाची बहुतांश वीज अणूची, ज्याचे इंजिनिअर या कामात मुरलेले, त्यांच्या स्वतःच्या अंगणातली ही गोष्ट. ब्रिटनमधल्या हिंकली पॉइंटला याच जातीच्या दोन भट्ट्या होताहेत. तिथे सरकारने ३५ वर्षांसाठी दराची हमी दिली आहे: २०१२च्या भावाने प्रति युनिट सव्वानऊ पेन्स. रुपयांत ते दहाच्या वर जातं, शिवाय महागाईनुसार वाढत राहतं. दहा रुपये युनिटने घेतलेली वीज महावितरण आपल्याला कितीला देणार, हे प्रत्येकाने आपलं बिल समोर ठेवून बघावं.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनामध्ये दोन भट्ट्यांवर सुमारे ९ अब्ज डॉलर खर्च करून २०१७मध्ये काम अर्धवट सोडलं. तिथल्या ग्राहकांच्या बिलात तो खर्च लागत राहिला, वीज एक युनिटही मिळाली नाही.

आपल्याकडे? कुडनकुलमचा रशियाशी करार १९८८चा. बांधकाम २००२मध्ये सुरू झालं, पहिली भट्टी २००७मध्ये वीज देणार होती, व्यापारी उत्पादन सुरू झालं ते २०१४च्या शेवटच्या दिवशी. कल्पाक्कमची जलद प्रजनक भट्टी, म्हणजे प्लुटोनियम वापरून आणखी इंधन तयार करणारी, २००३मध्ये सुमारे ३,५०० कोटींना मंजूर झाली, २०१०मध्ये ती तयार व्हायची होती. तिचा गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४मध्ये, आणि खर्च तोवर दुपटीच्या वर गेला होता. सन २०००पर्यंत १० हजार मेगावॉट, हे लक्ष्य अणुऊर्जा खात्याने १९८०च्या दशकात ठेवलं होतं. त्या साली प्रत्यक्षात तीन हजारही नव्हते. आता १ लाखाचं लक्ष्य आहे. कर्जदाराचा आधीचा इतिहास असा असताना मी नव्या अर्जावर सही केली नसती.

इथे माझे एक जुने सहकारी, बोईसरचे, नेहमी अडवतात. "अरे, तारापूरची वीज किती स्वस्त होती!" खरंच होती. पहिल्या दोन भट्ट्या १९६९मध्ये सुरू झाल्या, पाच-सहा वर्षांत बांधून झाल्या होत्या, अमेरिकेकडून सवलतीचं कर्ज होतं आणि ते केव्हाच फिटलं. ज्याचं गृहकर्ज फिटलंय त्याला घर स्वस्तच वाटतं. म्हणून आज त्याच गल्लीत नवीन फ्लॅट स्वस्त मिळेल असं नाही. जुनी केंद्रं सुरक्षित चालतील तोवर चालवावीत, असं माझंही मत आहे. तारापूर उद्या बंद करा असं मी म्हणत नाही. प्रश्न पुढचा रुपया कुठे टाकायचा एवढाच आहे.

तो रुपया कुठे जास्त काम करतो? २०१४मध्ये देशात सौरऊर्जेची क्षमता तीन हजार मेगावॉटच्या आत होती. २०२५च्या जानेवारीअखेर ती १ लाखावर गेली. याच काळात अणुवीज ४,७८० मेगावॉटवरून ८,१८०वर आली. आता मेगावॉटची तुलना सरळ करता येत नाही. सौर पॅनल दिवसा चालतं आणि वर्षभराचा हिशोब केला तर क्षमतेच्या साधारण पाचवा हिस्सा वीज देतं. अणुभट्टी रात्रंदिवस चालते. म्हणून प्रत्यक्ष तयार झालेली युनिट्स बघू. २०२३-२४मध्ये अणूतून सुमारे ४८ अब्ज युनिट मिळाली, सौरमधून सुमारे ११६ अब्ज. दहा वर्षांपूर्वी हे पारडं पूर्ण उलट होतं. दर? राजस्थानातल्या भडल्याच्या लिलावात २०१७मध्येच २ रुपये ४४ पैसे निघाला होता. अलीकडे काही तास वीज साठवणाऱ्या बॅटरीसकट दर साडेतीन रुपयांच्या आसपास आले आहेत.

आमची नवी इमारत आठ वर्षांनी उभी राहिली, पण तिच्या गच्चीवरची २० किलोवॉटची पॅनलं ठराव मंजूर झाल्यापासून पाच महिन्यांत बसली. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी केंद्राकडून किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात, म्हणजे आमचे ३ लाख ६० हजार तिथेच वाचले. लिफ्ट आणि पाण्याचा पंप आता दिवसा त्यावर चालतो. पाच महिन्यांतलेही दोन नुसते कागदपत्रांत गेले, पण चूक झाली असती तर ती २० किलोवॉटची झाली असती. अणुभट्टीत चूक एकदम हजार-दीड हजार मेगावॉटची होते आणि पंधरा वर्षांनी कळते. हवामानबदल थांबवायचा तर पुढची दहा-पंधरा वर्षंच महत्त्वाची, असं शास्त्रज्ञ सांगताहेत. आज पाया घातलेली भट्टी त्यातला बराच काळ एक ग्रॅमही कार्बन वाचवणार नाही. उलट तिच्यासाठी अडकवलेले पैसे दुसरीकडे लागले नाहीत म्हणून तेवढा कोळसा जास्त जळेल. पर्यावरणाच्या बाजूने मला हा सगळ्यात गंभीर आक्षेप वाटतो, आणि त्यात किरणोत्साराचा उल्लेखही नाही.

आता पाण्याकडे येऊ.

भट्टीत तयार झालेल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज होतो. उरलेले दोन भाग कुठे तरी सोडून द्यावे लागतात, आणि किनाऱ्यावरच्या केंद्रात ते समुद्रात जातात. १,००० मेगावॉट वीज बनवणाऱ्या भट्टीला सुमारे २,००० मेगावॉट उष्णता फेकायची असते. पाणी ७ अंशांनी तापवून सोडायचं म्हटलं तर दर सेकंदाला जवळजवळ ६८ हजार लिटर पाणी लागतं. आपल्या सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. दर सेकंदाला तसे सात. दिवसाचं पाणी मोजलं तर सुमारे ५९० कोटी लिटर. अख्ख्या ठाणे शहराला रोज साधारण ५८ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं, म्हणजे त्याच्या दहापट पाणी एका भट्टीतून कोमट होऊन बाहेर पडतं. जैतापूरला अशा, किंबहुना याहून मोठ्या, सहा भट्ट्या एका जागी ठरल्या आहेत, एकूण ९,९०० मेगावॉट. तिथला आकडा दिवसाला सुमारे ५,२०० कोटी लिटर.

हे समुद्राचं पाणी आहे, ते संपत नाही आणि परत समुद्रातच जातं, हे खरं. पण ते आत ओढलं जाताना त्याच्याबरोबर माशांची अंडी आणि पिल्लंही ओढली जातात. नळ्यांत शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून त्यात क्लोरीन सोडतात. आणि बाहेर पडताना ते आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं. ठाण्याची किंवा दिवाळे गावची कोळी मंडळी सांगतील, पाणी थोडं बदललं तरी मासळी जागा सोडते. खोल समुद्रातल्या ट्रॉलरवाल्याला फरक पडत नाही, खाडीच्या तोंडाशी जाळं टाकणाऱ्याला पडतो. जैतापूरजवळच्या साखरी नाटेच्या मच्छीमारांचा विरोध याच पोटाच्या हिशोबातून आला होता. १८ एप्रिल २०११ रोजी तिथे पोलिसांच्या गोळीबारात एक जण गेला. कोळशाचं केंद्रही गरम पाणी सोडतं, त्याची बाजू मी घेत नाही. पण 'स्वच्छ वीज' म्हणताना हे पाणी हिशोबाबाहेर ठेवायचं, हे बरोबर नाही.

नदीकाठच्या केंद्रांची अडचण वेगळी. २०२२च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या नद्या इतक्या तापल्या आणि आटल्या की अनेक भट्ट्यांचं उत्पादन कमी करावं लागलं. जोडीला पाइपांना गंज चढल्याने कितीतरी भट्ट्या दुरुस्तीसाठी बंद होत्या. त्या वर्षी एरवी वीज निर्यात करणारा फ्रान्स वीज आयात करत होता. 'वारा पडला तर? ढग आले तर?' असं विचारणाऱ्यांनी हेही वर्ष आठवावं.

इंधन कुठून येतं, तेही बघायला हवं. झारखंडमध्ये जादूगोडाची खाण १९६७पासून. तिथला दगड अगदी हलक्या प्रतीचा: टनभर खडक दळला तर अर्धा-पाऊण किलो युरेनियम हाती येतं. उरलेला सगळा चुरा चिखलाच्या रूपात तलावांत साठवतात, आणि मूळ खडकातल्या किरणोत्साराचा बराच मोठा भाग त्या चिखलातच राहतो. त्या तलावांशेजारी संथाळ आणि हो आदिवासींची गावं आहेत. वीज तारापूरला, खिसा मुंबईचा, चिखल जादूगोड्याला. २००८च्या आसपास युरेनियमची इतकी टंचाई झाली की आपली केंद्रं जेमतेम निम्म्या क्षमतेने चालत होती. मग आयातीची दारं उघडली, आणि आज कझाकस्तान, रशिया यांच्याकडच्या इंधनावर आपल्या बऱ्याच भट्ट्या चालतात.

वापरलेल्या इंधनाबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. भट्टीतून काढलेले इंधनदांडे आधी काही वर्षं पाण्याच्या टाकीत थंड करतात. भारतात त्यावर प्रक्रिया करून कामाचं युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतात आणि उरलेला अतिकिरणोत्सारी रस काचेत गोठवतात. हे काम ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पाक्कमला होतं, आणि आपले शास्त्रज्ञ ते उत्तम करतात. पण काचेचे ते ठोकळे सध्या देखरेखीखालच्या कोठारात आहेत. कायमचं, जमिनीच्या पोटातलं ठिकाण आपल्याकडे नाही. अमेरिकेने नेवाडातल्या युक्का डोंगरात अब्जावधी डॉलर घालवून तो बेत सोडला. फिनलंडने ओल्किलुओटोजवळ खडकात खोल भुयार खणलंय, जगात या बाबतीत तेच सगळ्यांच्या पुढे आहेत.

किती काळ सांभाळायचं? किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला जो वेळ लागतो त्याला अर्धआयुष्य म्हणतात. सीझियम-१३७चं अर्धआयुष्य ३० वर्षं. तो हजारावा हिस्सा उरायला दहा अर्धआयुष्यं, म्हणजे ३०० वर्षं लागतात. हे निदान कल्पनेत मावतं. प्लुटोनियम-२३९चं अर्धआयुष्य २४,१०० वर्षं. आपल्याकडचं प्लुटोनियम पुढच्या भट्ट्यांचं इंधन म्हणून वापरायचं ठरलंय, पण त्या भट्ट्या म्हणजे कल्पाक्कमची, जिची मुदत वर सांगितलीच. तोपर्यंत ते सांभाळायचं.

मुरबाडकडून नाणेघाट चढून गेलात तर गुहेत सातवाहनांचा शिलालेख दिसतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा, एका राणीने मुद्दाम कोरून घेतलेला, पुढच्यांनी वाचावा म्हणून. मी तिथे तीनदा गेलोय. आमच्या चाळीस जणांच्या गटात तो वाचू शकणारा एकही नव्हता. राज्य गेलं, लिपी गेली. 'इथे खणू नका' ही पाटी आपण याच्या बारापट काळ टिकेल अशी कोणत्या लिपीत लिहिणार? ज्यांच्यासाठी लिहायची त्यांना या विजेचं एक युनिटही मिळालेलं नसेल.

भट्टीचं आयुष्य संपल्यावर ती मोडायचा खर्च वेगळा. कॅलिफोर्नियातलं सॅन ओनोफ्रे केंद्र मोडण्याचा अंदाज ४ अब्ज डॉलरच्या वर आहे. आपल्याकडे त्यासाठी दर युनिटमागे २ पैसे बाजूला काढतात. १,००० मेगावॉटची भट्टी ८० टक्के क्षमतेने चाळीस वर्षं चालली, तर त्यातून वर्षाला १४ कोटी, एकूण ५६० कोटी जमतील, अधिक व्याज. आपल्याकडे मजुरी स्वस्त आहे हे धरूनही मला ही रक्कम पुरेल असं वाटत नाही. कमी पडेल ती कोण भरेल? तेव्हाचे करदाते, ज्यातले बरेच आज जन्मलेलेही नाहीत.

आणि अपघात. मोठा अपघात क्वचित होतो, हे मान्यच. पण बँकर क्वचित होणाऱ्या गोष्टीलाही विचारतो: झालं तर कोण देणार? ११ मार्च २०११नंतर फुकुशिमातून दीड लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. जपान सरकारने २०१६मध्ये एकूण खर्चाचा अंदाज २१.५ लाख कोटी येन दिला, म्हणजे साधारण १२ लाख कोटी रुपये. आपल्याकडे २०१०च्या कायद्याने केंद्र चालवणाऱ्यावर १,५०० कोटींपर्यंतची जबाबदारी टाकली होती. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने नवा कायदा करून खासगी कंपन्यांना या क्षेत्रात वाट दिली. त्यात सगळ्यात मोठ्या केंद्राची कमाल जबाबदारी ३,००० कोटी आहे. फुकुशिमाच्या खर्चाचा चारशेवा हिस्सा. सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडून भरपाई मागण्याची जी तरतूद जुन्या कायद्यात होती, तीही गेली. भोपाळ ज्या देशात घडलं त्या देशात!

घरच्या विमा पॉलिसीची शेवटची पानं एकदा काढून बघा. बारीक अक्षरात, युद्धाच्या शेजारी, किरणोत्सारामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. ज्या कंपन्या भूकंपाचा, पुराचा, आगीचा विमा काढतात त्या घरच्या पॉलिसीत हा धोका घ्यायला तयार नाहीत. धोका फार लहान असता तर त्यांनी आनंदाने हप्ता घेतला असता.

छोट्या, कारखान्यात बनवायच्या भट्ट्यांचं नाव सध्या फार ऐकू येतं. अमेरिकेत अशा पहिल्या मोठ्या प्रकल्पाचा दर ठरता ठरता दर मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला आणि नोव्हेंबर २०२३मध्ये तो रद्द झाला. बाजारात उभी राहून चार वर्षं नीट चालली तर मी माझं मत बदलीन. आज त्यावर देशाचं वीजधोरण उभं करू नये.

पैसा, पाणी, कचरा, विमा. चारही ठिकाणी एकच गोष्ट मला दिसते: वीज घेणारा एक आणि बिल भरणारा दुसरा. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. मासेमारी करणारी माणसं समुद्रापासून लांब नेऊन वसवली. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालला. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात तारापूर होतं, पोफरण नव्हतं. धरणांनीही गावं उठवली आणि सौर प्रकल्पांसाठीही जमिनी जातात, ते मी विसरलेलो नाही. म्हणून तर गच्च्या, कारखान्यांची छपरं, कालव्यांवरची जागा आधी भरा असं माझं म्हणणं आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या छपरांवर एकदा ऐरोलीच्या पुलावरून नजर टाका, किती उन्ह नुसतं पत्रे तापवतंय.

भाची शेवटी पहिल्याच प्रश्नावर आली. "मामा, पण रात्री काय?"

त्यासाठी मी तिला शहापूरच्या पुढे चोंढ्याला घेऊन गेलो. वर सह्याद्रीच्या कड्यावर घाटघरचं धरण आहे, खाली ठाणे जिल्ह्यात चोंढे गावाजवळ दुसरं. मधे डोंगराच्या पोटात वीजघर, उंचीचा फरक चारशे मीटरहून जास्त. ग्रिडमध्ये वीज जास्त असेल तेव्हा पंपाने पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. १२५ मेगावॉटचे दोन संच, २००८पासून. चढवण्यात-उतरवण्यात साधारण पाचवा-चौथा हिस्सा वीज वाया जाते आणि अशी प्रत्येक जागा घाटातल्या जंगलाचा विचार करूनच निवडावी लागेल, हेही तिला सांगितलं. पूर्वी वर चढवायला रात्रीची, कोळशाची जादा वीज वापरायची असा हिशोब होता. आता दुपारी उन्हाची वीज जास्त होते, तेव्हा पंप दुपारी चालवता येतो.

तिने वहीत आकडे उतरवून घेतले आणि खालच्या धरणाच्या भिंतीवरून बराच वेळ वर कड्याकडे बघत राहिली. दुपारचे दोन वाजले होते, ऊन चांगलं होतं.